हसू कोणाच्या बाजूचे?

माणूस घसरून पडला की बघणारा हसतो. हे हसू समजायला शाळा लागत नाही, भाषा लागत नाही, पैसा लागत नाही. आमच्या सिद्धगडाच्या पायथ्याशी पावसाळ्यात हा खेळ रोज फुकट चालतो. आवणीच्या दिवसांत डोक्यावर रोपांच्या मुठी घेऊन बांधावरून चाललेला गडी पाय सटकून चिखलात बसतो आणि खाचरातल्या बाया कंबर सरळ करून पोटभर हसून घेतात. तोही हसतो, तोंडावरचा चिखल पुसतो आणि विखुरलेल्या मुठी गोळा करतो. आता हाच गडी सावकाराच्या अंगणात पाठीवर पोते घेऊन पडला आणि ओटीवर पान खात बसलेले चौघे हसले, तर ते हसू तेच राहील काय? पडणे तेच, पडणारा तोच. पण हसणारा बदलला की हसण्याचा अर्थ बदलतो.

सिनेमातले जे मोठे विनोदी नट केवळ अंगाच्या हालचालींनी जगाला हसवून गेले, त्यांच्याविषयी या वेळी आम्ही लिहीत आहोत. कुटुंबाच्या पानावर चार्ली चॅप्लिन आणि दादा कोंडके कशाला, असे एखादा वाचक विचारील. त्याचे कारण आमच्या घरातच घडले, आणि अनेक घरांत ते घडत असावे असे आम्हाला वाटते.

घरातला वाद

आमच्या थोरल्या बंधूंना आम्ही सगळे ‘भाऊ’ म्हणतो. भाऊंचा नातू मुरबाडला आठवीत शिकतो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये चार्ली चॅप्लिन करायचा असे त्याने ठरवले. ढगळ पँट, तोकडा कोट, काजळाची मिशी, हातात छडी. अंगणात तो रोज संध्याकाळी पाय फेंगडे करून चालायचा, छडी स्वतःच्याच पायात अडकवायचा आणि धाडकन पडायचा. शेजारपाजारची पोरे गोळा व्हायची, हसून हसून लोळायची. तीन दिवस भाऊ ओटीवरून बघत राहिले. चौथ्या दिवशी म्हणाले, “बंद कर हे.”

सगळे गप्प झाले. सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, शाळेतलंच आहे ते. बाईंनीच सांगितलंय.”

भाऊ म्हणाले, “बाईंनी सांगितलं असेल. पण आपल्या बापजाद्यांनी गावाला पुष्कळ हसवलं. वरातीपुढं वाजवलं, सोंगं काढली, लोळून दाखवलं. आणि जेवायला वाढलं ते लांबून. बाबासाहेबांनी त्यातून आपल्याला उठवलं. आता ह्यानं पुन्हा चार माणसांपुढं पडून दाखवायचं?”

नातू हुशार आहे. तो म्हणाला, “आजोबा, चार्ली पडतो खरा. पण तो कुणाच्या पाया पडत नाही. पडतो, उठतो आणि शिपायाला लाथ मारून पळतो.”

दोघांनी आमच्याकडे पाहिले. निवाडा आम्ही करावा असे ठरले.

भाऊंचे म्हणणे जुनाट म्हणून उडवून देण्यासारखे नाही. महाराष्ट्राच्या तमाशाचा सोंगाड्या बहुतेक करून महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतूनच आला. रात्री ज्याच्या एका कोपरखळीने सारे गाव कनातीत लोळायचे, तोच सकाळी पाणवठ्यापासून दूर उभा असायचा. लोकांना त्याचा विनोद हवा होता, पण त्याचा स्पर्श नको होता. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वाडवडिलांनी मेलेले ढोर ओढणे सोडले, येसकरकी सोडली, तशी गावापुढची सोंगेही सोडली. भाऊंच्या मनात तीच शपथ अजून जागी आहे. म्हणून त्यांना उत्तर द्यायचे तर तोंडदेखले देऊन चालणार नव्हते. आम्ही आयुष्यभर जे विनोदी सिनेमे पाहिले, ते पुन्हा एकेक आठवून पाहिले.

आम्ही सिनेमा कुठे पाहिला

सिद्धगड हा काही सिनेमाचा मुलूख नव्हे. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना २ जानेवारी १९४३ रोजी जिथे वीरमरण आले, तो हा गड. दरवर्षी २ जानेवारीला लोक अभिवादनाला येतात. एरवी भाताची खाचरे, ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आणि मुरबाडला जाणारी एस.टी. सिनेमा भेटायचा तो पौषात म्हशाच्या जत्रेत, तंबूत. एका बाजूला घोंगड्यांचा आणि बैलांचा बाजार, एका बाजूला तमाशाची कनात आणि पलीकडे पडद्यावरचा सिनेमा.

पुढे १९८० नंतरच्या दशकात व्हिडिओ आला. १४ एप्रिलच्या जयंतीला घरटी वर्गणी काढून मुरबाडहून रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणायचा आणि विहारासमोर रात्रभर कॅसेटी लावायच्या, हा आमच्या वस्तीचा रिवाज झाला. दोन मराठी, एक हिंदी, आणि लहान मुलांसाठी म्हणून एखादी चार्लीची. गंमत अशी, की मुलांसाठी आणलेल्या त्या कॅसेटीपुढे म्हातारेच जास्त बसायचे. बोलपटातली पुणेरी मराठी वाडीवरच्या म्हाताऱ्यांना पुरती कळायची नाही, हिंदी तर नाहीच. चार्लीपुढे मात्र सगळे सारखेच साक्षर.

तिघे परदेशी

चार्ली चॅप्लिनचा जन्म १६ एप्रिल १८८९ चा, लंडनमधला. आईबाप दोघेही रंगमंचावर गाणारे. बाप दारूत गेला, आईचे डोके फिरले. १८९६ मध्ये सात वर्षांचा चार्ली, त्याचा भाऊ आणि आई यांना लंडनच्या गरीबखान्यात दाखल व्हावे लागले. तिथून मुलांना अनाथांच्या शाळेत पाठवले; तिथे गजकर्ण झाले म्हणून त्याचे डोके भादरले गेले. पोटाची भूक आणि डोक्याची हजामत ज्याने लहानपणीच पाहिली, त्यानेच १९१४ साली पडद्यावर तो प्रसिद्ध भटक्या आणला.

त्या भटक्याचे कपडे नीट पाहा. पँट ढगळ, कोट तोकडा, बूट मोठे, टोपी लहान. म्हणजे एकही कपडा त्याच्या मापाचा नाही, सगळे दुसऱ्याचे. तरीही तो टोपी नीट करतो, बाईमाणसासमोर टोपी काढून नमस्कार करतो, पडला तर आधी कोट झटकतो. ‘द गोल्ड रश’ (१९२५) मध्ये भुकेने व्याकूळ होऊन तो स्वतःचा बूट उकडून खातो. पण खातो कसा? काटा-चमचा घेऊन, एखाद्या साहेबाने मेजवानी खावी तसा. बुटाचे खिळे हाडे चोखावीत तसे चोखतो. प्रत्यक्षात तो बूट ज्येष्ठमधाच्या गोळीसारख्या मिठाईचा केला होता. आम्ही हसतो ते त्याच्या भुकेला नव्हे. भुकेपुढेही त्याचा आब सुटत नाही, याला हसतो.

‘मॉडर्न टाइम्स’ (१९३६) लागला तेव्हाची एक आठवण आहे. आमचे वडील कल्याणजवळच्या एका कारखान्यात पाळीवर जात. चित्रपटात चार्ली सरकत्या पट्ट्यावरचे नट आवळतो, आवळतो, आणि पट्टा थांबला तरी त्याचे हात तसेच हलत राहतात. सगळे हसले. वडीलही हसले आणि मग गप्प झाले. आई हळूच म्हणाली, “तुमचे पण हात झोपेत असेच हलतात.” वडील एवढेच म्हणाले, “ह्या माणसानं कारखाना पाहिलाय.” त्यांचे बरोबर होते. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात शेतावरची धडधाकट मुले सरकत्या पट्ट्यापुढे चार-पाच वर्षांत मनाने खचून जातात, हे चॅप्लिनने एका वार्ताहराकडून ऐकले होते; त्यातून हा चित्रपट सुचला असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे.

दुसरा बस्टर कीटन, जन्म १८९५. आईबाप खेळ करत गावोगाव फिरणारे. अगदी लहानपणी बाप त्याला रंगमंचावर उचलून फेकायचा आणि लोक हसायचे. हे पोर एक गोष्ट लवकर शिकले, की पडल्यावर आपण हसलो नाही तर लोक जास्त हसतात. म्हणून कीटनचा चेहरा दगडासारखा. त्याच्यावर घर कोसळते, आगगाडी चालून येते, वादळ येते. चेहऱ्याची रेष हलत नाही. ‘स्टीमबोट बिल ज्युनिअर’ (१९२८) मध्ये घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर पडते आणि तो नेमका उघड्या खिडकीच्या जागी उभा असल्यामुळे वाचतो. ती भिंत खरी होती, वजनदार होती, आणि खांद्याच्या बाजूला दोन-तीन बोटांचीच जागा होती. ‘द जनरल’ (१९२६) मध्ये खरे इंजिन पुलासकट नदीत घातले. चॅप्लिन प्रेक्षकाकडे बघतो, ‘बघा, माझ्यावर काय वेळ आली’ असे म्हणतो. कीटन कोणाकडेच बघत नाही, दया मागत नाही. पाऊस घर घेऊन गेला तरी दुसऱ्या दिवशी न बोलता कुडाचे वासे गोळा करणारी माणसे आमच्या डोंगरात आहेत. कीटन आम्हाला त्यांच्यातला वाटतो.

तिसरा हॅरॉल्ड लॉईड, जन्म १८९३. हा भटक्या नव्हे, दगडी चेहऱ्याचाही नव्हे. चष्मा लावलेला, इस्त्रीचे कपडे घातलेला साधा नोकरदार तरुण. ‘सेफ्टी लास्ट’ (१९२३) मध्ये तो कापडाच्या मोठ्या दुकानात नोकर आहे. गावाकडच्या मुलीला मात्र ‘मी मोठा साहेब झालो’ असे कळवत राहतो. हजार डॉलरच्या बक्षिसासाठी त्याला उंच इमारत बाहेरून चढावी लागते आणि तो शेवटी भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो. प्रत्येक मजल्यावर नवी अडचण, आणि खालून लोक बघताहेत. घराण्यातला पहिलाच शिकलेला, पहिलाच कचेरीत लागलेला तरुण हे चित्र बघताना नुसता हसत नाही, त्याच्या तळहाताला घाम येतो. घरच्यांना पगार वाढवून सांगणारा आणि मजल्यामागून मजला चढणारा तो तरुण आपल्यातही पुष्कळांनी पाहिला आहे.

या लॉईडच्या उजव्या हाताला अंगठा आणि शेजारचे बोट नव्हते. १९१९ मध्ये फोटो काढताना खोटा समजून हातात घेतलेला बॉम्ब फुटला होता. घड्याळाला तो लोंबकळला तो हातमोज्यात नकली बोटे घालून.

आणखी एक जोडी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही: लॉरेल आणि हार्डी, एक बारीक आणि एक जाडा. ‘द म्युझिक बॉक्स’ (१९३२) मध्ये हे दोन हमाल जडशीळ पियानो शंभराच्यावर पायऱ्या चढवून नेतात. तो पुन्हा पुन्हा घरंगळत खाली येतो. शेवटी वर पोचल्यावर टपालवाला सांगतो की मागून गाडीरस्ता होता. तेव्हा हे दोघे पियानो परत खाली उतरवतात आणि रस्त्याने वर आणतात! ज्याने कधी ओझे वाहिले आहे त्याला या विनोदाची चव जास्त कळते. आपल्या तमाशातली काळू-बाळू ही सांगलीकडच्या कवलापूरच्या जुळ्या भावांची जोडी याच जातकुळीची. ‘जहरी प्याला’ या वगातल्या त्यांच्या हवालदारांनी खेड्यापाड्यांना पिढ्यान् पिढ्या हसवले.

आपले तिघे

आता आपल्याकडे येऊ. भगवानदादा, म्हणजे भगवान आभाजी पालव, जन्म १९१३. गिरणी कामगाराचा मुलगा. मूकपटाच्या काळापासून सिनेमात. स्वस्तात काढलेले त्यांचे मारामारीचे चित्रपट कामगार वस्तीतल्या थिएटरांत चालत. १९५१ साली ‘अलबेला’ आला आणि हा ठेंगणा, गोलमटोल माणूस देशभर गाजला. तो पडून हसवत नव्हता, नाचून हसवत होता. हात थोडे वर, पाय थोडेसे हललेले, कंबर हलकीच झुललेली. दिवसभर यंत्रापुढे उभा राहिलेला माणूसही करू शकेल असा तो नाच. नाचायला गोरेपान रूप आणि सडपातळ अंग लागते हा समज त्याने मोडला. पुढे मोठमोठ्या नटांनी ती ढब उचलली. भगवानदादांच्या मात्र मोटारी गेल्या, जुहूचा बंगला गेला, आणि ते दादरच्या चाळीत परत आले. तिथेच ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

दादा कोंडके, जन्म १९३२, नायगावच्या चाळीतले, तेही गिरणी कामगारांच्या घरातले. ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्याने त्यांचे नाव झाले आणि १९७१ च्या ‘सोंगाड्या’ने ते घराघरांत पोचले. गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी, तिची लोंबणारी नाडी, तोंड उघडे ठेवून बघण्याची लकब. चार्लीच्या कपड्यांसारखीच ही चड्डी बोलते: मी गावंढळ आहे, मला काही कळत नाही. आणि मग हा न कळणाराच पाटलाला, हवालदाराला, शहाण्याला तोंडघशी पाडतो. त्यांचे लागोपाठ नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले, त्याची गिनीज बुकात नोंद झाली. तरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांच्या दुहेरी अर्थाच्या संवादांना वस्तीतले बाप्ये शिट्ट्या मारीत, तेव्हा आमच्या आया-बहिणी पदर तोंडाला लावून उठून जात. दादांच्या अंगात जो विनोद होता तो सगळ्या घराने बघण्यासारखा होता. जिभेवरच्या विनोदात मात्र पुष्कळदा बाईलाच खाली बघावे लागले.

लक्ष्मीकांत बेर्डे, आपला लक्ष्या (१९५४–२००४), हा तिसरा. त्याचे अंग म्हणजे घाबरलेल्या माणसाचे अंग. डोळे मोठे, पाय लटपटलेले, एक पाऊल पुढे आणि दोन मागे. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आठवा. घरमालकीण अविवाहितांना जागा देत नाही म्हणून दोघे मित्र साड्या नेसून बायका होतात. आम्ही ते विहारासमोर पाहिले तेव्हा मागून एक आवाज आला, “ह्यांना निदान लग्न झालंय का एवढंच विचारलं. आडनाव नाही विचारलं!” त्या वाक्याला चित्रपटापेक्षा मोठा हशा झाला. शहरात खोली शोधताना ज्याला आडनावावरून नकार मिळाला आहे, त्यालाच त्या हशाची धार कळेल.

याच लक्ष्याने १९९२ साली ‘एक होता विदूषक’ केला. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखन पु. ल. देशपांडे यांचे. तमाशातला सोंगाड्या आबूराव सिनेमाचा मोठा नट होतो, सत्तेजवळची माणसे त्याला जवळ करतात. सगळा महाराष्ट्र त्याला हसतो; फक्त त्याची स्वतःची लहानगी मुलगी हसत नाही. चित्रपटाला मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तिकीटबारीवर मात्र तो चालला नाही. भाऊंना आम्ही हाच चित्रपट आठवून दिला. ते म्हणाले, “तेच तर मी म्हणतोय. जगाला हसवून घरच्याला काय मिळालं?”

चॅप्लिनशी आमचे एक भांडण

१९१८ साली चॅप्लिनने ‘लोक कशाला हसतात’ या विषयावर एक लेख लिहिला होता. त्यात तो एका प्रसंगाबद्दल सांगतो. वरच्या गच्चीतून आइस्क्रीमचा गोळा खाली बसलेल्या श्रीमंत बाईच्या पाठीत पडतो. लोक हसतात. तोच गोळा झाडलोट करणाऱ्या गरीब बाईच्या पाठीत पडला असता तर लोक हसले नसते, त्यांना दया आली असती. शिवाय, तो म्हणतो, तिच्याजवळ गमावण्यासारखा तोराच नाही, म्हणून त्यात विनोद झाला नसता.

पहिला भाग आम्हाला शंभर टक्के पटतो. वरच्या माणसाचा तोरा उतरला की हसू येते, आणि ते निकोप हसू आहे. पण दुसऱ्या भागाशी आमचे भांडण आहे. झाडलोट करणाऱ्या बाईजवळ गमावण्यासारखी प्रतिष्ठा नाही, हे कोणी सांगितले? आमच्या आया-बहिणींनी आयुष्यभर दुसऱ्यांची घरे झाडली. त्यांच्याजवळ दागिना नव्हता, जमीन नव्हती. होती ती तेवढी एकच गोष्ट होती. आणि खरे सांगायचे तर चॅप्लिनचा सिनेमा चॅप्लिनच्या लेखापेक्षा शहाणा आहे. उकडलेला बूट साहेबासारखा खाणारा भटक्या दुसरे काय सांगतो? सगळे गेले तरी आब जात नाही, हेच तो सांगतो.

आणखी एक योगायोग नोंदवतो. २२ सप्टेंबर १९३१ रोजी लंडनमध्ये चॅप्लिनची आणि गांधीजींची भेट झाली आणि यंत्रांच्या प्रश्नावर त्यांचे बोलणे झाले. दुसऱ्या गोलमेज परिषदेचे ते दिवस. ज्या शहराच्या गरीबखान्यात लहानग्या चार्लीला दाखल व्हावे लागले, त्याच शहरात त्याच दिवसांत डॉ. बाबासाहेब आपल्या माणसांचा माणूस म्हणून असलेला हक्क मागत होते. दोघांची भेट झाल्याचे आमच्या वाचनात नाही. पण दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर होते असे आम्ही समजतो.

सोंगाड्याने बाजू बदलली तेव्हा

भाऊंना शेवटचे उत्तर आम्ही सिनेमातून दिले नाही, आपल्याच इतिहासातून दिले. १९३० च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्या मंडळींनी आंबेडकरी जलसे उभे केले. त्यांनी तमाशातला गणपतीचा गण टाकला, कृष्णाच्या गवळणीतली छेडछाड टाकली. विनोद मात्र टाकला नाही. हसवणारे पात्र ठेवले आणि त्याची बाजू बदलली. आता त्याच्या प्रश्नांनी सावकार अडखळू लागला, भटजी अडखळू लागला, आणि जुन्या रूढीला चिकटलेला आपलाच माणूसही खजील होऊन हसू लागला. रात्रभर हसून लोक सकाळी सभेला गेले. म्हणजे आपल्या वाडवडिलांनी हसणे सोडले नव्हते. लाचारीचे हसू सोडले होते.

हे ऐकून भाऊ बराच वेळ गप्प राहिले. मग नातवाला म्हणाले, “पड. पण तू पडल्यावर कोण हसतंय आणि कशाला हसतंय, हे तुला कळलं पाहिजे.” पोराने मग आपला खेळ थोडा बदलला. आधी तो नुसताच पडायचा. आता एक मोठा साहेब खुर्चीवर ऐटीत बसलेला, त्याची खुर्ची पुसताना भटक्या पडतो, आणि तिसऱ्या वेळी तो शिताफीने बाजूला होतो तेव्हा साहेब पडतो. छडी म्हणून त्याने भाऊंची काठी मागितली. ती मात्र भाऊंनी दिली नाही. म्हणाले, “ती मला चालायला लागते.” वहिनींनी कुडाचा एक बांबू तासून दिला.

आईबापांसाठी चार शब्द

आता वाचकहो, तुमच्या-आमच्या घरांसाठी. आज प्रत्येक घरात मोबाइल आहे आणि पोरे त्यावर पडण्याचे, आपटण्याचे व्हिडिओ काढतात. पावसाळ्यात माळशेज घाटात कड्याच्या टोकाला उभे राहून असले खेळ चालतात. त्यांना हे सांगा, की पडणे हे कसब आहे, शिकावे लागते. लॉईडच्या त्या घड्याळाखाली थोड्या अंतरावर गाद्या घातलेला मांडव होता. आणि कीटनसारख्या जन्मभर पडत आलेल्या माणसाचीही १९२४ साली ‘शेरलॉक ज्युनिअर’च्या वेळी पाण्याच्या लोंढ्याखाली मान मोडली, ते त्याला कित्येक वर्षांनी डॉक्टरांकडून कळले. ज्यांनी हे केले ते त्यातले उस्ताद होते. आपल्या पोराने कड्यावर ते करू नये.

दुसरे असे, की पोर हसले तर ते कशाला हसले हे विचारा. टुणटुण, म्हणजे उमादेवी, ही एकेकाळची गोड गळ्याची गायिका. सिनेमाने तिचे गाणे बाजूला ठेवले आणि वर्षानुवर्षे तिच्या जाडेपणाला हशा घेतला. जाड, काळे, ठेंगणे, तोतरे असणे हा कोणाचा गुन्हा नाही. त्यावरचे हसू हे ओटीवरच्या चौघांचे हसू. भगवानदादाही ठेंगणे आणि जाडे होते. पण त्यांच्या नाचाला आपण हसतो तेव्हा आपलेही पाय हलतात. एवढा फरक पोराला कळला तरी पुष्कळ झाले.

तेव्हा एखाद्या रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून ‘मॉडर्न टाइम्स’ किंवा ‘द जनरल’ जरूर बघावा. शब्द जवळजवळ नाहीत, त्यामुळे आजीलाही कळेल आणि बालवाडीतल्या पोरालाही. कारखान्यातून, विटभट्टीवरून, लोकांच्या घरची भांडी घासून दमून आलेल्या माणसाला हसण्याचा पुरा हक्क आहे. फक्त ते हसू उठणाऱ्याच्या बाजूचे असावे.